संपदाचं डोमिसाइल

संपदा राजोपाध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली तेव्हा तिची मुलगी अन्वी बालवाडीत होती. नवरा यशोधन इथल्याच, म्हणजे म्युनिकजवळच्या गार्चिंगच्या, एका संशोधन संस्थेत लेझरवर काम करायचा. इथे येणारी आपली माणसं बहुतेक फिजिक्सवाली, नाहीतर सॉफ्टवेअरवाली. म्हणून जिन्यात पहिल्यांदा भेटली तेव्हा मी सवयीनं विचारलं, "तूपण रिसर्चमध्ये का?"

"नाही, मी वकील आहे," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःला दुरुस्त केलं, "होते."

पुण्यात नीताताई बर्वे नावाच्या वकीलबाईंकडे तिनं काही वर्षं काम केलं होतं. कौटुंबिक न्यायालयातली कामं, म्हणजे पोटगी, मुलांचा ताबा, घटस्फोट. कोर्टात उभं राहिल्यावर तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली जायचा आणि त्यामुळे सगळे कान देऊन ऐकायचे, असं नीताताई सांगायच्या. लग्न झालं, यशोधनला गार्चिंगची फेलोशिप मिळाली, आणि दोन वर्षांसाठी म्हणून दोघं आली. फेलोशिपची नोकरी झाली. अन्वी झाली. संपदाची सनद पुण्यातच कपाटात राहिली. इथे वकिली करायची तर कायदा पहिल्यापासून जर्मनमध्ये शिकायचा, दोन सरकारी परीक्षा द्यायच्या, मध्ये दोन वर्षं उमेदवारी करायची. तिनं जर्मन शिकून घेतलं, खूप चांगलं, पण अंगावर बाळ घेऊन तो सगळा रस्ता पुन्हा चालणं तिला जमलं नाही.

मग एक फट सापडली. जर्मनीत कायदा शिकणाऱ्या मुलांना परकीय भाषेतल्या कायद्याचाही एक अभ्यासक्रम करावा लागतो. म्युनिकच्या एका विद्यापीठाला इंग्लंडची कायदेव्यवस्था शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि आपल्याकडचा कायदा इंग्रजांच्याच वळणावर गेलेला. संपदाला ते काम मिळालं. सेमिस्टर संपलं की करार संपायचा, पुढचं सेमिस्टर आलं की नवा व्हायचा.

एकदा मला सुट्टी होती म्हणून मी तिच्या वर्गात मागे जाऊन बसले. मुलांची सवय अशी, की कायदा म्हणजे पुस्तकातलं कलम. एका मुलानं विचारलं, "पण हा नियम लिहिलाय कुठे?"

"एका निकालात," संपदा म्हणाली. "इंग्लंडमध्ये पार्लमेंट कायदे करतं, आणि न्यायाधीशही करतात. एकेका भांडणाचा निकाल देता देता."

मग तिनं एक गोष्ट रचून सांगितली. एका इमारतीला लिफ्ट नाही. एक बाई बाबागाडी जिन्याखाली ठेवते, शेजारी भांडतो, प्रकरण वरच्या कोर्टात जातं. कोर्ट म्हणतं, लिफ्ट नसेल तर बाबागाडी जिन्याखाली ठेवता येईल. ज्या कारणावर निकाल उभा राहिला त्याला म्हणायचं रेशिओ. ते कारण खालच्या सगळ्या कोर्टांना बांधून ठेवतं. पण न्यायाधीश जाता जाता असंही म्हणाले, की सायकल असती तर मी वेगळा विचार केला असता. ते नुसतं बोलणं, ऑबिटर. ते कुणाला बांधत नाही.

"आता उद्या एक आजोबा चाकांचा वॉकर जिन्याखाली ठेवतात," ती म्हणाली. "शेजाऱ्याचा वकील काय म्हणेल?"

"की वॉकर म्हणजे बाबागाडी नाही," मघाचाच मुलगा म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. यालाच डिस्टिंग्विश करणं म्हणतात. जुना निकाल खोटा पाडायचा नाही, आपली गोष्ट त्याहून वेगळी आहे हे दाखवायचं. वकिलाचं अर्धं आयुष्य यात जातं."

मुलं हसली. आवाज खाली घेऊन बोलणारी संपदा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ऊबानमधून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, परत येताना मी म्हटलं, "किती छान शिकवतेस गं!" ती खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "मुक्ता, पोहता येणाऱ्यानं जन्मभर फळ्यावर पोहण्याचे धडे लिहावेत तसं वाटतं मला."

अन्वी दुसरीत गेली त्या वर्षी संपदा आणि यशोधनचं नातं संपलं. त्यात मारझोड नव्हती, दुसरी बाई नव्हती. यशोधन शांत, कामात बुडालेला माणूस. संपदा म्हणायची, "तो वाईट नाही. मी घरात आहे की नाही हे त्याला कळत नाही एवढंच." दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. लग्न पुण्यात, अग्नीभोवती फेरे घालून झालेलं. दोघांचे पासपोर्ट भारतीय. मला वाटलं होतं, घटस्फोट भारतात होईल.

"नाही," संपदा म्हणाली. "आम्ही कुठले हे इथलं कोर्ट विचारणार नाही. आम्ही नेहमी राहतो कुठे, एवढंच विचारणार. राहतो जर्मनीत, म्हणून जर्मन कायदा."

त्याच सुमारास ती वर्गात डोमिसाइल शिकवत होती. आपल्याकडे डोमिसाइल म्हटलं की कॉलेजच्या अ‍ॅडमिशनसाठी तहसील कचेरीत काढायचा दाखला आठवतो. इंग्लिश कायद्यात त्याचा अर्थ खोल आहे. माणूस जन्मताना एक डोमिसाइल घेऊन येतो. परदेशी कायमचं राहायचं ठरवलं तर नवं मिळतं, पण ते सोडलं की पहिलं आपोआप परत जिवंत होतं. माणूस कुठेही गेला तरी ते त्याची वाट पाहत असतं.

"इथे तसं काही नाही," ती म्हणाली. "इथे तुम्ही जिथे दात घासता तिथले."

जर्मन कायद्यात घटस्फोटाआधी साधारण वर्षभर वेगळं राहावं लागतं. पण म्युनिकच्या आसपास घर मिळणं म्हणजे दिव्यच. शेकडो अर्ज केले तरी घर बघायलासुद्धा बोलावत नाहीत. कायद्यानं त्यावर वाट ठेवली आहे, एकाच घरात राहूनही वेगळं राहता येतं. स्वयंपाक वेगळा, कपडे वेगळे धुवायचे, झोपायची खोली वेगळी. तशी ती दोघं त्या तीन खोल्यांत वेगळी राहू लागली. फ्रिजमधला वरचा कप्पा त्याचा, खालचे दोन तिचे आणि अन्वीचे. यशोधन ओट्याशी असला की संपदा बाहेरच्या खोलीत थांबायची, तो गेला की आत जायची. अन्वी दोघांकडे जेवायची. बाबाकडे पास्ता, आईकडे वरणभात.

एकदा यशोधनला सडकून ताप आला. संपदानं त्याला दोन दिवस मुगाची खिचडी करून दिली, आणि मग घाबरून आपल्या वकीलबाईंना, फ्राऊ ब्रांडलना, फोन केला, की आता आमचं वर्ष पहिल्यापासून मोजणार का? फ्राऊ ब्रांडल हसल्या. "आजाऱ्याला जेवायला घातल्यानं संसार पुन्हा सुरू होत नाही," त्या म्हणाल्या. संपदानं मला हे सांगितलं तेव्हा तीही हसली. मग म्हणाली, "वर्षभर एका घरात कुणाला तरी चुकवत राहायचं. तेही कायद्याला धरून."

त्या हिवाळ्यात नीताताईंचा फोन आला. त्यांचे गुडघे गेले होते, जिने चढवत नव्हते. "संपदा, ऑफिस तुझ्या हातात द्यायचंय मला," त्या म्हणाल्या. "कामं आहेत, अशील आहेत, तुझी खुर्चीसुद्धा आहे. येतेस?"

"ताई, मला थोडा वेळ द्याल का?"

"दिला. पण म्हातारीकडे फार नसतो, एवढं ध्यानात ठेव."

त्या दिवशी संपदा माझ्याकडे आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. कितीतरी वर्षांनी कुणीतरी तिला ती जे होती त्या नावानं हाक मारली होती. संध्याकाळी तिनं यशोधनला सांगितलं.

"तू जा," तो म्हणाला. "मी अडवणार नाही. पण अन्वी इथेच राहील."

"ती माझ्याशिवाय राहील?"

"माझ्याशिवाय तिकडे राहील असं तुला वाटतंच आहे ना?"

मुलीवर दोघांचा सारखा हक्क. मूल दुसऱ्या देशात कायमचं न्यायचं तर दोघांची संमती लागते. एकानं नाही म्हटलं की कोर्ट ठरवणार.

संपदानं हातात होतं ते सगळं पणाला लावलं. आईनं मुलाला घेऊन परदेशी जाण्याबद्दलचे जर्मन वरिष्ठ न्यायालयांचे निकाल तिनं शोधून काढले, वाचले, रेशिओ आणि ऑबिटर वेगळे करून रंगीत खुणा केल्या, आणि ते बाड घेऊन ती फ्राऊ ब्रांडलकडे गेली. त्या साठीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, शब्द तोलून बोलणाऱ्या बाई. त्यांनी सगळं चाळलं.

"सुंदर काम आहे," त्या म्हणाल्या. "पण बघा, न्यायाधीशबाई हे वाचतील, मानतीलही. पण तुमच्याकडे निकाल जसा बांधून ठेवतो तसा इथे ठेवत नाही. इथे कायदा विचारतो, या मुलाचं भलं कशात आहे? या एका मुलाचं."

"म्हणजे प्रत्येक मूल वेगळी केस."

"हो. प्रत्येक मूल."

"मग मी डिस्टिंग्विश कुणापासून करू?" संपदानं विचारलं. फ्राऊ ब्रांडलना प्रश्न कळला नाही. संपदाही पुढे समजावत बसली नाही.

अर्ज करण्याआधी उन्हाळ्याची सुट्टी आली. दरवर्षीप्रमाणे अन्वीला घेऊन ती पुण्याला निघाली. यशोधननं संमती दिली आणि स्वतः विमानतळावर सोडायला आला. त्यानं बॅगा उचलून पट्ट्यावर ठेवल्या, अन्वीचे केस विस्कटले, आणि संपदाकडे एकदा पाहिलं.

पुण्यात तिचा भाऊ उत्कर्ष वाटच पाहत होता. चहा होतो न होतो तोच म्हणाला, "ताई, परत जाऊच नकोस. अन्वीला इथल्या शाळेत घालू. यशोधनला काय करायचंय ते इथे येऊन करू दे."

आईनं अन्वीसाठी खोली लावून ठेवली होती. नवी चादर, नवं टेबल.

असं करता येईल हे संपदाला उत्कर्षपेक्षा जास्त माहीत होतं. पळवून नेलेली मुलं त्यांच्या देशात परत पाठवायचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यावर भारताची सही नाही. यशोधनला मुंबईच्या उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची रिट करावी लागली असती. तारखा पडल्या असत्या. तोवर अन्वी इथली झाली असती. हेबियस कॉर्पस संपदा दर सेमिस्टरला शिकवायची: ज्याला कुणी अडकवून ठेवलंय त्याला कोर्टापुढे हजर करा, अशी ती जुनी इंग्लिश आज्ञा. मुलांना ती फार आवडायची.

त्या आठवड्यात ती नीताताईंच्या ऑफिसात गेली. तिची खुर्ची खरंच होती. समोर एक रडणारी अशील बसली होती आणि नीताताईंची ज्युनिअर देवश्री तिला पाणी देत होती. नीताताई म्हणाल्या, "बस ना तू तिच्याशी बोलायला." संपदा बसली. त्या बाईशी तासभर बोलली. बाहेर आली तेव्हा आपले खांदे खाली आले आहेत असं तिला जाणवलं. गार्चिंगमध्ये ते कायम वर ओढलेले असायचे.

घरी आली तर अन्वी गॅलरीत एकटी बसलेली. मामेभावंडं तिच्या मराठीला हसली होती. ती "मला पाणी पिते पाहिजे" म्हणाली होती म्हणून.

"मला घरी जायचंय," अन्वी म्हणाली.

"अगं, हे घरच आहे ना आपलं."

"नाइन. रिश्टिश नाख हाउझे." म्हणजे, नाही, खरोखरच्या घरी.

संपदा तिच्याजवळ जमिनीवर बसली. नंतर मला म्हणाली, "मुक्ता, त्या क्षणी मला ती रिट दिसली. अर्जदार यशोधन. अडकवून ठेवलेली व्यक्ती, अन्वी. आणि अडकवणारी मी."

तिला आणखी एक गोष्ट आठवली होती, जी ती वर्गात सांगायची. जुन्या इंग्लंडमध्ये राजाच्या कोर्टात दाद मागायची तर दुःख ठरावीक नमुन्यात बसावं लागायचं. नाही बसलं तर दार बंद. मग लोक राजाच्या चान्सेलरकडे जायचे आणि म्हणायचे, कायदा माझ्या बाजूनं नाही, पण तुम्ही न्याय करा. त्यातून इक्विटी नावाचा वेगळाच कायदा उभा राहिला. मात्र तिथे जाणाऱ्यानं स्वतः लबाडी केलेली चालायची नाही. "मला वाटलं, मी सरळ वागले तर कुठेतरी एक चान्सेलर असेल," ती म्हणाली.

ठरल्या दिवशी ती परत आली. विमानतळावर यशोधन उभा होता, दाढी वाढलेली. अन्वी धावत जाऊन त्याच्या कमरेला बिलगली.

"मला खात्री नव्हती," तो संपदाला म्हणाला.

"मलाही नव्हती," ती म्हणाली.

मग तिनं अर्ज केला. इथल्या कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश मुलाशी स्वतः बोलतात, आईबापांना बाहेर ठेवून. मुलाच्या बाजूनं बोलायला कोर्ट एक स्वतंत्र माणूसही नेमतं, तो तेवढा आत असतो. सुनावणीच्या दिवशी मी सोबत गेले होते. साधी खोली, कोपऱ्यात खेळणी, खिडकीत कुंड्या. काळा झगा नाही, उंच व्यासपीठ नाही. अन्वी आत गेली, दार लागलं, आणि संपदा बाकावर बसून राहिली. समोरच्या बाकावर यशोधन. पुण्यात अशा बंद दारांबाहेर तिनं किती आयांना धीर दिला असेल. त्या दिवशी मी तिचा हात धरून बसले.

अन्वी बाहेर आली आणि माझ्याकडे येऊन बसली. मग संपदा, यशोधन आणि फ्राऊ ब्रांडल आत गेले. पुढचं संपदानंच मला सांगितलं.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी हुशार आहे. तिला तुमच्यापैकी कुणालाही दुखवायचं नाहीये. ती म्हणाली, आई पुण्यात जास्त हसते. आणि म्हणाली, मला मात्र इथे राहायचंय, दोघांजवळ."

संपदानं मान खाली घातली. आई पुण्यात जास्त हसते हे मुलीनं पाहिलं होतं, आणि पाहूनही तिनं स्वतःचं खरं सांगितलं होतं.

"एक विचारते," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मुलगी इथेच राहायची झाली, तरी तुम्ही जाल का?"

फ्राऊ ब्रांडलनी आधीच बजावलं होतं, की हा प्रश्न येऊ शकतो. जाणार म्हटलं तर कोर्टाला दोनच रस्ते तोलावे लागतील, मुलीनं आईबरोबर जायचं की बापाजवळ राहायचं. नाही म्हटलं तर तिसरा रस्ता उघडतो, जसं आहे तसंच चालू द्या. त्या तिसऱ्या रस्त्यावर संपदाची केस संपत होती. "जाईन" हा एक शब्द तिनं म्हणायचा होता. तिनं तोंड उघडलं. समोर यशोधन टेबलाच्या कडेकडे पाहत होता.

"नाही," ती म्हणाली. "तिला सोडून नाही जाणार."

फ्राऊ ब्रांडलनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांच्या सल्ल्यानं संपदानं अर्ज मागे घेतला. निकाल लागलाच नाही.

घरी येऊन तिनं नीताताईंना फोन केला. मी शेजारीच होते.

"ताई, जमणार नाही."

नीताताई म्हणाल्या, "मी असते तरी हेच केलं असतं, असं म्हणणार नाही. कारण मी हे केलं नसतं. पण तू रडू नकोस."

पुढे ते ऑफिस देवश्रीनं घेतलं. दिवाळीला देवश्रीचा मेसेज आला तेव्हा संपदानं तिचं अभिनंदन केलं आणि दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही.

घटस्फोट झाला. ती सुनावणी इतकी लवकर आटोपली, की आपला कोट काढायचा राहूनच गेला, असं ती म्हणाली. त्यानंतर पुष्कळ महिन्यांनी गार्चिंगमध्येच, यशोधनच्या संस्थेतल्या एका प्राध्यापकांच्या ओळखीनं, तिला एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. आता अन्वी एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबाकडे असते. दप्तर, चष्मा, व्हायोलिन सगळं सायकलवरून इकडून तिकडे जातं. बाबाच्या आठवड्यात संपदा स्वयंपाक करत नाही, ब्रेड खाते. कुठे गावाला जायचं म्हटलं तरी आठवडे जुळवावे लागतात. ऊबान मात्र वेळेवर येते, ती चढते, आणि विशीतल्या मुलांना सांगते, की इंग्लिश कायद्याचे उगम कोणते, आणि न्यायाधीशाचं कुठलं बोलणं बांधतं, कुठलं बांधत नाही.

मागच्या जूनमध्ये आम्ही तिघी गार्चिंगच्या तळ्यावर गेलो होतो. अन्वी आता चांगली उंच झाली आहे, पाण्यात मासोळीसारखी जाते. संपदाला पोहता येत नाही. ती काठावर, गवतात, टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती आणि तिची नजर अन्वीच्या डोक्यावर होती.

"अजून जावंसं वाटतं?" मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली. "पण आता मोठ्यानं म्हणत नाही. अन्वीला ऐकू जातं आणि मग ती माझ्याशी फार चांगली वागायला लागते. ते मला बघवत नाही."

अन्वी तळ्याच्या मध्यावर पोचली होती. तिथून हात हलवून तिनं जर्मनमध्ये काहीतरी ओरडून विचारलं. वाऱ्यामुळे आम्हाला नीट ऐकू आलं नाही. संपदा उठून उभी राहिली, पाण्याच्या कडेपर्यंत गेली, आणि कळलं नव्हतं तरी "हो, हो" म्हणून तिनंही हात हलवला.